संप आणि हडताळ : एका व्याख्येचे वाङ्मयीन परिणाम
(जबलपूर, नागपूर आणि मुंबई यांच्या संदर्भात)

१

३० जून २०२१ रोजी राष्ट्रपतींनी अत्यावश्यक संरक्षण सेवा अध्यादेश जारी केला. त्याआधी दोन आठवडे, १६ जूनला, केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड विसर्जित करून त्याखालील ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटण्याचा निर्णय घेतला होता, आणि संरक्षण कामगारांच्या महासंघांनी बेमुदत संपाचा इशारा दिला होता. ऑगस्टमध्ये संसदेने अध्यादेशाचे कायद्यात रूपांतर केले आणि १ ऑक्टोबर २०२१ रोजी बोर्ड इतिहासजमा झाले. जबलपूर शहरात त्या बोर्डाचे चार उत्पादक कारखाने होते. १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी कानपूरच्या कंपनीकडे गेली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभी राहिलेली खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी पुण्याच्या, व्हेईकल फॅक्टरी तामिळनाडूतील आवडीच्या, आणि ग्रे आयर्न फाउंड्री नागपूरच्या. एका गावचे, एकाच मालकाचे कामगार एका दिवसात चार मालकांचे झाले.

या घटनाक्रमाचा राजकीय आणि आर्थिक अर्थ लावण्याचे काम त्या त्या शास्त्रांचे अभ्यासक करीत आहेत. प्रस्तुत निबंधाचा प्रश्न वेगळा आणि मर्यादित आहे. कामगार संघटनांचे हक्क मर्यादित करणारे कायदे जेव्हा संपाची व्याख्या करतात, तेव्हा ते भाषेत नेमके काय करतात? आणि संप हा ज्यांचा विषय आहे त्या साहित्यकृतींच्या रूपावर या व्याख्येची छाया पडते काय? कामगार साहित्याची मराठी समीक्षा बहुधा आशयाच्या अंगाने, लेखकाच्या वर्गीय बांधिलकीच्या अंगाने झालेली आहे. कायदा ही तिच्या दृष्टीने साहित्याबाहेरची, पार्श्वभूमीतील बाब राहिली. वस्तुतः 'संहिता' हा शब्द मराठीत कायद्यालाही लागतो आणि नाटकालाही. या दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचाव्यात, एवढाच येथील प्रयत्न आहे. जबलपूरची निवड त्यासाठी सोयीची आहे. कारण ते हिंदी साहित्याचे एक महत्त्वाचे केंद्र, १९५६पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचे शहर, आणि मराठी भाषकांच्या काही पिढ्या जेथे हिंदीच्या सहवासात वाढल्या असे गाव आहे.

२

प्रारंभ शब्दांपासून करू. हिंदीत कामगारांच्या आणि दुकानदारांच्या अशा दोन्ही निषेधांना 'हड़ताल' हा एकच शब्द चालतो. त्याची व्युत्पत्ती 'हाट' आणि 'ताला' यांच्याशी जोडली जाते. बाजाराला लागलेले कुलूप, हे त्या शब्दाच्या पोटातील चित्र आहे. मराठीने हा शब्द 'हरताळ' या रूपाने घेतला, पण तो मुख्यतः बाजारपेठेपुरता ठेवला. कामगारांसाठी तिने 'संप' हा शब्द राखला. गुजरातीत संप म्हणजे आजही एकोपा, सलोखा. मराठीतही या शब्दाच्या मुळाशी एकविचाराने वागणे हाच भाव आहे. म्हणजे एकाच कृतीकडे दोन भाषा दोन बाजूंनी पाहतात. हिंदी शब्द बंद पडलेली वस्तू दाखवितो. मराठी शब्द ती बंद पाडणाऱ्या माणसांमधील नाते दाखवितो.

आता कायद्याची भाषा पाहावी. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने संपाची व्याख्या करताना केवळ काम थांबणे पुरेसे मानले नाही. कामगारांच्या समूहाने एकत्रितपणे काम थांबविणे, किंवा समान समजुतीने काम नाकारणे, ही त्या व्याख्येची गाभ्याची अट होती. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने या व्याख्येत भर घातली : एखाद्या दिवशी पन्नास टक्के किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून घेतलेली किरकोळ रजा हीदेखील संप होय. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून अमलात आली, आणि पूर्वी प्रामुख्याने सार्वजनिक उपयोगाच्या सेवांना लागू असलेली पूर्वसूचनेची अट तिने सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू केली. २०२१चा संरक्षण सेवा कायदा याहूनही पुढे गेला होता. सामूहिक किरकोळ रजा, आवश्यक असेल तेथे जादा वेळ काम करण्यास नकार, आणि कामात व्यत्यय आणणारे किंवा आणू शकेल असे कोणतेही वर्तन त्याने संपात गणले. बेकायदा संपात भाग घेणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद वा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, चिथावणी देणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा पंधरा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. त्या कायद्याचे आयुष्य एका वर्षापुरते ठेवले होते आणि ते संपले. परंतु त्याने दाखविलेली दिशा व्याख्येच्या इतिहासात राहिली.

किरकोळ रजेचे उदाहरण या दृष्टीने विलक्षण बोलके आहे. एका कामगाराने रजा घेतली तर तो त्याचा हक्क. अर्ध्या कारखान्याने परस्परांशी बोलून त्याच दिवशी तीच रजा घेतली, तर तो संप. दोन्ही प्रसंगी यंत्रासमोरची जागा रिकामीच असते. बदलते ते एवढेच, की रिकाम्या जागांमागे एक समजूत आहे. कायद्याला आक्षेपार्ह वाटते ती ही समजूत. त्याने जणू 'हड़ताल' हा शब्द सोडून 'संप' हा शब्द त्याच्या मूळ अर्थासह उचलला आणि 'एकोपा' या अर्थाच्या जागी 'संगनमत' हा अर्थ बसविला. कामगार संघटनांचे हक्क आकुंचित करण्याचा इतिहास हा, भाषेच्या दृष्टीने पाहता, एकोप्याचे संगनमतात भाषांतर होण्याचा इतिहास आहे.

याची उलट प्रक्रियाही एकदा घडली होती, हे विसरता येत नाही. १९२०-२१मध्ये मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या वादात संघटनेचे नेते बी. पी. वाडिया यांना न्यायालयीन मनाईला सामोरे जावे लागले. त्यानंतर नारायण मल्हार जोशी यांच्या पाठपुराव्यातून १९२६चा ट्रेड युनियन कायदा आला. नोंदणीकृत संघटनेच्या कार्यकर्त्यांना कटाच्या आरोपापासून त्याने संरक्षण दिले. कट नव्हे, संघटना, असे कायद्याने मान्य केले तो हा क्षण होता. तीनच वर्षांनी, १९२९मध्ये, ट्रेड डिस्प्यूट्स कायद्याने सहानुभूतीच्या संपांवर बंधने आणली. त्याच वर्षी ८ एप्रिल रोजी मध्यवर्ती विधिमंडळात भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकले, तो प्रसंग याच विधेयकाशी निगडित होता.

३

या व्याख्येला मराठीतून दिलेले सर्वांत समर्थ उत्तर ललित साहित्यात नसून एका भाषणात आहे. सप्टेंबर १९३८मध्ये मुंबई विधानसभेत औद्योगिक विवाद विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असे प्रतिपादन केले, की संप हा फार तर सेवेच्या कराराचा भंग आहे, त्याची भरपाई दिवाणी मार्गाने होऊ शकते. त्याला शिक्षापात्र गुन्हा ठरविणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबविणे, आणि त्याचे नाव गुलामगिरी. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप घडवून आणला.

परंतु एकोपा ही निरागस वस्तू नव्हे, हेही आंबेडकरांनीच दाखवून दिले होते. धोट्यात सूत भरताना ते तोंडाने ओढावे लागते, या कारणास्तव मुंबईच्या गिरण्यांतील चांगल्या वेतनाच्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी त्यांनी हा प्रश्न उभा केला, आणि १९२९च्या संपाला विरोध केला. म्हणजे ज्यांनी १९३८मध्ये संपाच्या हक्काचे सर्वांत निर्भीड समर्थन केले, त्यांनीच आधी संपकऱ्यांच्या एकोप्यातील भेग दाखविली होती. हे दोन टप्पे परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. संपाचा हक्क मागणाऱ्याने संपाच्या आतील विषमतेचाही जाब दिला पाहिजे, असे त्यांचे सूत्र दिसते. कामगार साहित्याचे मूल्यमापन करताना हे सूत्र निकष म्हणून वापरता येईल.

एकोप्याचे वाङ्मयीन रूप कोणते? मराठीत ते आयते उपलब्ध होते. पोवाड्यात मुख्य शाहीर एक चरण म्हणतो आणि झीलकरी ते उचलून धरतात. १९४४मध्ये स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकाने, म्हणजे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी, हेच रूप गिरणगावात नेले. झील ही केवळ गायनाची सोय नव्हती. एकाने मांडलेले दुसऱ्याने उचलणे, ही संपाचीच रचना आहे. 'समान समजूत' हे कायद्याचे शब्द ज्याला गुन्ह्याची खूण मानतात, ते शाहिरीत छंदाचे तत्त्व होते.

नारायण सुर्वे यांची कविता या परंपरेतून निघते, पण झीलकऱ्यांचा ताफा मागे ठेवते. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) यांतील 'मी' एकटा बोलतो. तथापि, त्याच्या बोलण्यात इतरांचा आवाज सतत मिसळलेला आहे. त्यांच्या एका प्रसिद्ध कवितेत कवीला मार्क्स भेटतो तो त्याच्या पहिल्या संपात, मिरवणुकीच्या गर्दीत, कोणीतरी ओळख करून दिल्यावर. ग्रंथालयात किंवा अभ्यासमंडळात ही भेट घडत नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. संप हे येथे शिक्षणाचे स्थळ आहे, भेटीगाठींचे स्थळ आहे. उत्पादन बंद पडल्याचे वर्णन कवितेला करावेसेच वाटत नाही. 'हड़ताल' या शब्दातील कुलूप येथे कोठेही नाही. 'संप' या शब्दातील एकोपा मात्र पूर्णपणे आहे. सुर्व्यांचे मोठेपण सांगताना समीक्षा त्यांच्या अनुभवाच्या अस्सलपणाकडे बोट दाखविते. ते खरेच आहे. पण त्याबरोबर असेही म्हटले पाहिजे, की संप या मराठी शब्दाचा मूळ अर्थ त्यांच्या कवितेने जपून ठेवला.

४

आता त्याच काळातील, मराठी घरात वाढलेल्या पण हिंदीत लिहिणाऱ्या कवीकडे वळू. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७-१९६४) हे स्वातंत्र्याच्या सुमारास काही काळ जबलपुरात होते. तेथून ते नागपूरला गेले, १९५८पर्यंत तेथे राहिले आणि आकाशवाणीत व 'नया ख़ून' या साप्ताहिकात त्यांनी काम केले. नागपूरची एम्प्रेस मिल, जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली, ही भारतातील नोंदल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या संपांपैकी एकाची जागा मानली जाते. त्याच गिरणीच्या कामगारांवर झालेल्या गोळीबाराचा संबंध मुक्तिबोधांच्या 'अँधेरे में' या दीर्घ कवितेशी अभ्यासकांनी जोडलेला आहे.

परंतु घटना आणि कविता यांचा संबंध दाखविल्याने कवितेचे रूप उलगडत नाही. सुर्व्यांच्या कवितेत मिरवणूक आहे, आणि 'अँधेरे में'मध्येही मिरवणूक आहे. मात्र मुक्तिबोधांची मिरवणूक मध्यरात्रीची, बँड आणि लष्करी गणवेश यांच्यासह निघालेली आहे, आणि तिच्यात शहरातील मान्यवर चालताना दिसतात : पत्रकार, सेनाधिकारी, मंत्री, उद्योगपती, समीक्षक, कवी, आणि त्यांच्या बरोबरीने डोमाजी उस्ताद हा कुख्यात गुंड. डोमाजी हे नाव हिंदी वाचकाला केवळ विचित्र वाटेल. नागपूर-विदर्भाच्या वाचकाला त्यातील गल्ली ओळखू येते. हासुद्धा एक एकोपाच आहे. कामगारांच्या एकोप्याला संगनमत म्हणणाऱ्यांचे प्रत्यक्ष संगनमत मुक्तिबोध दाखवितात. आणि ते पाहणारा 'मैं' पूर्णपणे एकटा आहे. पाहिले हाच त्याचा अपराध ठरतो आणि त्याला पळावे लागते. त्याला झील देणारे कोणी नाही. या कवितेत टिळकांचा पुतळा रक्ताळतो, हा तपशील मराठी वाचकाने विशेषत्वाने पाहावा. जुलै १९०८मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला होता, वर्षाला एक दिवस या हिशेबाने. ज्या नेत्यासाठी कामगारांनी आपला पहिला मोठा राजकीय संप केला, तो नेता आता दगडाचा आहे आणि जखमी आहे.

'चाँद का मुँह टेढ़ा है' या कवितेत संप अधिक थेटपणे येतो, पण कोणत्या रूपात? रात्री गल्लीतील भिंतींवर डकविल्या जाणाऱ्या भित्तिपत्रकांच्या रूपात. चंद्र तेथे सत्तेचा हेर होऊन पाहतो आहे आणि दोन माणसे संपाची अक्षरे भिंतीला चिकटवीत आहेत. मुक्तिबोधांच्या संपाला तोंड नाही, त्याला अक्षर आहे. बोलण्यावर पहारा असलेल्या शहरात एकोपा लिहूनच, तोही रात्री, व्यक्त करावा लागतो. बुद्धिजीवी लेखकाचे स्थान कोणते, हा मुक्तिबोधांना आयुष्यभर छळणारा प्रश्न येथे एका साध्या कृतीत उतरतो. लेखक कामगारांच्या एकोप्यात आपोआप नसतो. त्याला भित्तिपत्रक चिकटविण्याइतके तरी जवळ जावे लागते. १९६२मध्ये मध्यप्रदेश शासनाने मुक्तिबोधांच्या इतिहासविषयक पाठ्यपुस्तकावर बंदी घातली, हा योगायोग नव्हे. समान समजुतीची भीती बाळगणारी सत्ता कारखान्याच्या फाटकाशी थांबत नाही, वर्गातील पुस्तकापर्यंत येते.

मुक्तिबोधांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत होते. दोघेही मार्क्सवादी. 'नवी मळवाट' (१९४९) हे शरच्चंद्रांच्या काव्यसंग्रहाचे शीर्षक वरकरणी विरोधाभासी आहे, कारण मळवाट ही अनेक पावलांनी, दीर्घकाळ तुडविल्यावर होते. नवी असूनही मळलेली अशी वाट कल्पिणे म्हणजे अनेकांच्या सहगमनावर विश्वास ठेवणे. पुढे समीक्षेत त्यांनी 'मानुषता' ही संकल्पना मध्यवर्ती मानली. एकाच घरातील दोन कवींपैकी मराठीत लिहिणाऱ्याला वाट दिसते आणि हिंदीत लिहिणाऱ्याला अंधार, याचे कारण केवळ स्वभावभेदात शोधणे अपुरे आहे. मराठी कवीच्या पाठीशी शाहिरीची, झिलीची, संपाच्या सार्वजनिक भाषेची परंपरा होती. हिंदीच्या नव्या कवितेत लिहिणाऱ्या गजानन माधवांना ती भाषा त्याच रूपात मिळाली नाही. त्यांना एकाकी साक्षीदाराची भाषा घडवावी लागली. आणि आजच्या परिस्थितीत तीच अधिक खरी वाटते, हे मान्य करावे लागते.

५

मराठीतही झील पुढे क्षीण होत गेली. त्याची चिन्हे भाऊ पाध्ये यांच्या 'डोंबाऱ्याचा खेळ' (१९६०) या कादंबरीत दिसतात. कामगार संघटनेत प्रत्यक्ष काम केलेल्या या लेखकाने संघटनेचे जग भाबडेपणा टाकून रंगविले. त्याआधी मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा' (१९३३)मध्ये गिरणी कामगाराकडे सहानुभूतीने पाहण्याची दृष्टी होती. पाध्यांनी सहानुभूती गृहीत धरली नाही. शीर्षकातील रूपक पाहावे : डोंबाऱ्याच्या खेळात एक दोरीवर चालतो, एक ढोल वाजवितो आणि बाकीचे पाहतात. पाहणाऱ्यांत एकोपा असण्याचे कारण नसते.

हा केवळ नेत्यांच्या नीतिमत्तेचा प्रश्न नव्हता. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने 'प्रातिनिधिक संघटना' ही संकल्पना आणली. एका उद्योगात आणि क्षेत्रात मान्यता मिळालेली संघटनाच कामगारांच्या वतीने वाटाघाटी करील, असा तिचा आशय होता. मुंबईच्या कापड गिरण्यांत ही मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिली. शिस्तबद्ध वाटाघाटींची सोय म्हणून या तरतुदीचे समर्थन करता येते, आणि अनेक संघटनांच्या स्पर्धेत कामगारांची फरपट होते हेही खोटे नाही. पण तिचा परिणाम असा झाला, की एकोपा ही कामगारांमध्ये घडणारी गोष्ट न राहता दप्तरात नोंदविलेली गोष्ट झाली. कोण कोणाशी सहमत आहे, हे निबंधक ठरवू लागला. एकोप्यावर बंदी घालण्यापेक्षा तो प्रमाणित करून कोणाच्या तरी हवाली करणे, हा हक्क मर्यादित करण्याचा अधिक सूक्ष्म मार्ग होय. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा वेतनवाढीच्या बरोबरीने हा कायदा रद्द करण्याची मागणी त्यांनी केली ती यामुळेच. तो संप अधिकृतपणे कधीही मागे घेतला गेला नाही.

जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकाचे वाचन या पार्श्वभूमीवर पुन्हा करावयास हवे. नाटक गिरणगावातील धुरी कुटुंबाच्या खोलीत घडते. संप होऊन गेला आहे. रंगमंचावर फाटक नाही, सभा नाही, मोर्चा नाही. आहेत ती संपानंतरची माणसे : आई, बाबा, मोहन आणि नरू हे मुलगे, मंजू ही मुलगी, आणि चळवळीची भाषा अजून न सोडलेला जावई राणे. एकाच खोलीत इतकी माणसे सतत बोलतात, भांडतात, टोमणे मारतात. आणि एकाचे बोलणे दुसरा उचलून धरीत नाही. प्रत्येक संवाद जणू झील न मिळालेला चरण आहे. लेखक होऊ पाहणारा बाबा घरातल्यांना परका आहे, गुंडगिरीत शिरलेला नरू बाहेरच्या दुसऱ्या एका टोळीबद्ध एकोप्याचा बळी ठरतो. पाध्यांच्या डोंबाऱ्याची दोरी आता सबंध घराच्या पायाखाली आली आहे. 'अधांतर' या शब्दात तोच झोका आहे.

या नाटकाकडे फसलेल्या संपाची शोकांतिका म्हणून पाहण्याची प्रथा आहे. मला हे वाचन कायद्याच्या बाजूचे वाटते. संप ही एक घटना होती, ती अविचाराने घडली, तिने लोकांचे वाटोळे केले, असे कथानक त्यात नकळत गृहीत धरले जाते. नाटक मात्र संपाविषयी निवाडा देत नाही. ते एवढेच दाखविते, की कामगारांमधील एकोपा मोडला की तो फक्त गिरणीत मोडत नाही. तो मायलेकांत, भावंडांत, शेजारधर्मातही मोडतो. आईचा कडवटपणा आणि नरूचा मृत्यू हे संपाचे परिणाम नसून समान समजूत नाहीशी झाल्याचे परिणाम आहेत. १९४६च्या कायद्याने जे दप्तरात नेले आणि नंतरच्या दोन पिढ्यांना ज्याची भाषाच राहिली नाही, ते 'अधांतर'च्या खोलीत अनुपस्थितीच्या रूपाने वावरते. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर हे नाटक एका सामूहिक गैरहजेरीचे नाटक आहे.

६

येथून जबलपूरकडे परत येऊ. गिरणी कामगाराला मराठीत शाहीर मिळाला, कवी मिळाला, कादंबरीकार आणि नाटककार मिळाला. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, भंडारा, अंबाझरी येथे आणि जबलपुरात शस्त्रे घडविणाऱ्या कामगाराला त्या तोडीचे स्थान ना मराठीत मिळाले ना हिंदीत. ही गोष्ट जबलपूरच्या बाबतीत अधिक टोचते. हरिशंकर परसाईंनी आपल्या व्यंग्यलेखनाचे आयुष्य ज्या शहरात काढले आणि १९७३पासून ज्ञानरंजन यांनी 'पहल' जेथून काढले, ते शहर साहित्याने मुके ठेवलेले नव्हते. एस. एम. जोशी यांच्यासारखा नेता, ज्याने 'मी एस. एम.' हे आत्मचरित्र मराठीला दिले, संरक्षण कामगारांच्या अखिल भारतीय महासंघाचा अध्यक्ष होता. नेतृत्व होते, लेखक होते, शहरही होते. मग उणीव कशाची?

एक कारण गुप्ततेचे, हे उघड आहे. पण अधिक खोल कारण त्या कामगाराच्या संज्ञेत आहे. तो धड कामगार नाही, धड सैनिक नाही. जुलै १९६०मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपाच्या तोंडावर अत्यावश्यक सेवांचा अध्यादेश आला, त्याच्या कक्षेत तोही होता. १९७६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्करी तुकड्यांतील आचारी, न्हावी यांसारख्या नागरी कर्मचाऱ्यांना संघटना करण्याच्या हक्काच्या संदर्भात सशस्त्र दलांचे सदस्य मानले. कारखान्यातील कामगार या निर्णयाच्या बाहेर असला तरी त्याच्यावरची गणवेशाची सावली त्यामुळे गडद झाली. गणवेशातील माणसांच्या एकोप्याला शिस्त म्हणतात आणि ती वरून येते. खालून येणाऱ्या एकोप्याला तेथे दुसरेच नाव आहे. मुक्तिबोधांच्या मध्यरात्रीच्या मिरवणुकीतील कवायत आणि सुर्व्यांच्या दिवसाच्या मिरवणुकीतील गर्दी, या दोहोंच्या मधोमध जबलपूरचा कामगार उभा आहे. त्याच्या वाट्याला झील आली नाही, आणि साक्षीदारही नाही.

शासनाची बाजू येथे न्यायाने नोंदवावयास हवी. सीमेवर तणाव असताना दारूगोळ्याचा पुरवठा खंडित होऊ नये, ही चिंता खोटी नव्हती. संपाने तिऱ्हाइतांचे नुकसान होते, हा आक्षेपही जुना आणि गंभीर आहे. २००३मध्ये तामिळनाडूच्या कर्मचाऱ्यांच्या संपासंबंधी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, वैधानिक वा नैतिक हक्क नाही असे म्हटले, त्यामागे ही भूमिका होती. परंतु पुरवठ्याची चिंता वेगळी आणि समान समजुतीची भीती वेगळी. पहिलीचे निवारण सूचनेच्या मुदती, लवाद, किमान सेवा यांनी करता येते. किरकोळ रजेला आणि 'व्यत्यय आणू शकेल अशा कोणत्याही वर्तनाला' संप म्हणणारी व्याख्या दुसरीतून जन्मते. अशी व्याख्या दंडसंहितेपुरती राहत नाही. दोन माणसांनी एकमेकांशी बोलून काही ठरविणे हेच संशयास्पद ठरल्यावर संवाद, वृंदगान, मिरवणूक ही साहित्याची रूपेही आतून पोकळ होऊ लागतात, आणि उरते ती एकट्याची कैफियत. समकालीन मराठी आणि हिंदी कवितेतील एकाकी 'मी'च्या सार्वत्रिकतेचा विचार आधुनिकतावादाच्या युरोपीय वारशाच्या आधारे पुष्कळ झाला. त्याच्या शेजारी या देशी कायद्यांच्या इतिहासाचा आधारही आता तपासला पाहिजे.

तौलनिक साहित्याभ्यासापुढील काम यातून स्पष्ट होते. प्रभाव आणि साम्य यांच्या नोंदी पुरेशा नाहीत. 'संप' आणि 'हड़ताल' या दोन शब्दांमध्ये दोन भाषांनी साठविलेला सामाजिक अनुभव कोणता, कायद्याने त्यांपैकी कोणता अर्थ कधी उचलला आणि कोणता खोडला, आणि खोडलेल्या अर्थाला साहित्याने कोठे आसरा दिला, याचा शोध घेणे हे काम आहे. पूर्वी पोथीतील अक्षर चुकले की त्यावर हरताळ लावीत. ती पिवळी पूड खालचे अक्षर झाकते, पण कागदावरून पुसून टाकीत नाही. जबलपूरच्या चार फाटकांवर आज चार कंपन्यांच्या पाट्या आहेत. त्यांच्या खाली एकाच कारखानदारीचे, एकाच समजुतीचे जे अक्षर होते, ते वाचण्याची पात्रता साहित्याच्या अभ्यासकाने मिळवावी, एवढी अपेक्षा गैरवाजवी नसावी.